धावपट्टीवरचे तीन आकडे

१५३, १५५ आणि १६२. जुलै २०२५ मध्ये हे तीन आकडे आपल्याकडच्या अनेक वर्तमानपत्रांत छापून आले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात कोसळले. महिन्याभराने विमान अपघात तपास ब्यूरोने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात त्या उड्डाणासाठी ठरवलेले तीन वेग नॉटमध्ये दिलेले होते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्या हिशेबाने हे वेग ताशी २८३, २८७ आणि ३०० किलोमीटर होतात. पुढची सारी चर्चा इंधनाच्या स्विचांभोवती फिरली. २६० माणसांचा जीव गेल्यावर ते स्वाभाविकही होते. आकडे मात्र तसेच राहून गेले.

वैमानिकांच्या भाषेत या वेगांना व्ही-वन, व्ही-आर आणि व्ही-टू म्हणतात. मी वैमानिक नाही. नागावसारख्या गावी राहून चौकशीचे अहवाल आणि उड्डाणशास्त्राची पुस्तके वाचत गेलेला माणूस आहे. त्या वाचनातून एक गोष्ट पक्की समजली, ती अशी की विमानाचे इंजिन बंद पडणारच नाही, अशी हमी जगात कोणीही देत नाही. दिली जाते ती हमी वेगळी आहे. एक इंजिन अगदी नको त्या क्षणी बंद पडले, तरी विमान एक तर धावपट्टीवर थांबेल, नाही तर सुखरूप वर जाईल. या हमीचा मसुदा म्हणजे हे तीन आकडे. ही हमी कशी तयार होते आणि तिची हद्द कुठे संपते, हे महाराष्ट्रातल्या दोन जुन्या अपघातांच्या आधाराने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हमीचा जन्म

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. आपल्या नागरी हवाई वाहतुकीचा हा आरंभ. त्यांचे 'पस मॉथ' विमान एका इंजिनाचे होते. एका इंजिनाच्या विमानात ते बंद पडले तर प्रश्न सोपा आणि उत्तर कठोर असते : समोर जी जागा दिसेल तिथे उतरा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत जॅक फ्राय या विमान कंपनीच्या अधिकाऱ्याने विमान बनवणाऱ्यांना एक छोटे पत्र धाडले. त्याला तीन इंजिनांचे विमान हवे होते आणि त्यातली एक अट त्या काळी अशक्य वाटावी अशी होती. पूर्ण भरलेले विमान, एक इंजिन बंद असताना, कंपनीच्या कोणत्याही विमानतळावरून व्यवस्थित उडाले पाहिजे. डग्लस कंपनीने तीनऐवजी दोनच इंजिनांचे डीसी-१ पुढे केले. सप्टेंबर १९३३ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या विन्स्लो गावातून ते निघाले. विमान जमीन सोडत असतानाच एक इंजिन मुद्दाम बंद केले गेले आणि उरलेल्या एकाच इंजिनावर ते आल्बुकर्कीला पोहोचले. या डीसी-१चा वंशज म्हणजे डीसी-३, आपल्या मागच्या पिढीच्या परिचयाचे 'डाकोटा'. एका कंपनीची ही अट पुढे साऱ्या जगाचा कायदा झाली.

एक इंजिन गेले म्हणजे काय गेले?

दोनांतले एक इंजिन बंद पडले तर निम्मी शक्ती गेली, असे वाटते. प्रत्यक्षात नुकसान त्याहून मोठे असते. एखाद्या घरात महिन्याला साठ हजार येतात आणि पंचेचाळीस हजार खर्च होतात. मिळकत अर्धी झाली, तर शिल्लक अर्धी होत नाही. ती नाहीशी होऊन वर कर्ज होते. विमानाचेही तसेच आहे. इंजिनांच्या जोराचा मोठा भाग हवेचा विरोध तोडण्यात खर्च होतो आणि त्यातून जे उरते त्यावर विमान चढते. म्हणून प्रवासी विमानाला इतकी ताकदवान इंजिने बसवतात, की एक गेल्यावरही थोडी शिल्लक उरावी. दोन इंजिनांच्या विमानासाठी नियमाने ही शिल्लक ठरवून दिली आहे. चाके आत घेतल्यानंतर, एका इंजिनावर, किमान २.४ टक्के चढण; म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना किमान २४ मीटर उंची.

दुसरी अडचण दिशेची. आमच्याकडच्या कोणत्याही होडीवाल्याला ती सांगावी लागणार नाही. एका बाजूचे वल्हे थांबले, की होडी त्या बाजूला वळते. सुकाणू धरून ती सरळ ठेवता येते, पण होडीला वेग असेल तरच. संथ होडीचे सुकाणू नुसते हलते, उपयोग करत नाही. विमानाच्या शेपटावरचे उभे सुकाणूही वाहत्या हवेवरच चालते. त्यामुळे प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. त्याखाली एक इंजिन गेले आणि दुसरे पूर्ण जोरात चालू राहिले, तर विमान सरळ धरता येत नाही. अशा वेळी दुसरे इंजिनही मागे ओढून थांबावे लागते. तिन्ही आकडे काढताना हा किमान वेग पायाला असतो.

थांबायचे की जायचे?

पावसाळ्यात पऱ्या उडी मारून ओलांडणाऱ्याला ठाऊक असते की धाव घेतल्यावर एक पाऊल असे येते, ज्याच्या आधी थांबता येते आणि ज्याच्यानंतर थांबायला गेले तर माणूस पाण्यातच पडतो. व्ही-वन म्हणजे ते पाऊल.

त्याचे गणित असे. इंजिन व्ही-वनच्या साधारण एक सेकंद आधी बंद पडले, असे गृहीत धरतात. तो एक सेकंद माणसाला काय झाले ते कळण्यासाठी. मग दोन अंतरे काढतात. पहिले, वैमानिकाने व्ही-वनला ब्रेक लावायला सुरुवात केली तर विमान कुठे थांबेल. दुसरे, तो थांबला नाही, तर एका इंजिनावर विमान जमिनीपासून ३५ फूट उंचीवर कुठे पोहोचेल. व्ही-वन कमी धरला तर दुसरे अंतर वाढते, कारण अधूऱ्या वेगापासून पुढची सगळी धाव एकाच इंजिनावर घ्यायची असते. जास्त धरला तर पहिले अंतर वाढते. दोन्ही अंतरे उपलब्ध लांबीत बसतील असा वेग शोधायचा. तसा वेग सापडलाच नाही, तर एकच उपाय उरतो : वजन उतरवा. उन्हाळ्याच्या दुपारी एखाद्या लहान विमानतळावर काही प्रवाशांचे सामान मागे ठेवले जाते आणि आपण चिडतो. बरेचदा त्यामागे हेच गणित असते. उन्हाने हवा विरळ होते, इंजिनांचा जोर घटतो आणि पंखांना तेवढीच उचल मिळायला जमिनीवर अधिक वेगाने धावावे लागते. पावसात धावपट्टी ओली झाली की ब्रेक कमी पकडतात, म्हणून व्ही-वन खाली आणतात आणि त्या बदल्यात ३५ फुटांऐवजी १५ फुटांवर समाधान मानतात. कोकणातल्या आषाढात हे रोजचेच.

वेगाचा एक स्वभाव इथे लक्षात ठेवायला हवा. १४० नॉटवरून १५३ नॉट म्हणजे वेग सुमारे नऊ टक्के वाढला; पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास एकोणीस टक्के. शिवाय १५३ नॉटला विमान सेकंदाला सुमारे ७९ मीटर कापते. 'थांबू की जाऊ' या विचारात दोन सेकंद गेले, तर दीडशे मीटरहून अधिक धावपट्टी मागे पडलेली असते.

म्हणून हा विचार धावपट्टीवर करायचाच नसतो. तो आधी, विमान उभे असताना, वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी मांडून करून ठेवलेला असतो. अनेक कंपन्यांत 'व्ही-वन' असा पुकारा होताच कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो. हात तिथे राहिला तर घाबरलेल्या क्षणी तो मागे ओढला जाण्याची भीती असते. संकटात माणसाची पहिली ओढ थांबण्याकडे असते आणि व्ही-वननंतर सहसा थांबणेच सर्वांत धोक्याचे असते.

पुढचे दोन वेग मग क्रमाने येतात. व्ही-आरला वैमानिक नाक उचलतो. फार लवकर उचलले तर पंखांना पुरेशी उचल नसते आणि विरोध मात्र वाढतो. उशिरा उचलले तर धावपट्टी संपत जाते. व्ही-टू हा एका इंजिनावरच्या चढाईचा वेग. ३५ फुटांपर्यंत तो गाठायचा आणि नंतर राखायचा. पंखांची उचल तुटण्याच्या वेगापासून आणि सुकाणू निकामी होण्याच्या वेगापासून तो ठरावीक अंतर राखून असतो.

हमी पाळली जाते तेव्हा, आणि तिच्या पलीकडे

हमी पाळली गेली की बातमी छोटी होते. १९ मे २०२२ रोजी सकाळी मुंबईहून बेंगळुरूला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ए-३२० निओ विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांत बंद झाले. सुमारे अर्ध्या तासात विमान मुंबईत सुखरूप उतरले आणि प्रवासी दुसऱ्या विमानाने गेले. १९३२ सालच्या त्या पत्राचे हे फळ.

त्याच शहरात १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मध्यरात्रीनंतर वेगळेच घडले. मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाचे दोनपैकी एक इंजिन सांताक्रूझहून उडाल्यावर लगेच निकामी झाले. वर वर पाहता हा हमीतलाच प्रसंग होता. विमान परत वळलेही. पण ते इंजिन नुसते बंद पडलेले नव्हते. त्याच्या कॉम्प्रेसरच्या एका चकतीत धातूच्या थकव्याने चीर गेली होती आणि चकतीचे तुकडे झाले होते. तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या कापल्या, आग लागली. आगीत हायड्रॉलिक तेल गेले आणि त्या तेलावर चालणारी विमानाची नियंत्रणे हातातून सुटली. धावपट्टी जवळ असताना विमान कोसळले आणि आतली सर्वच्या सर्व ९५ माणसे गेली.

या अपघाताचा धडा नेमका आहे. व्ही-वन ते व्ही-टूचे गणित 'इंजिन थांबले' एवढेच गृहीत धरते. इंजिन फुटले आणि त्याने शेजारच्या नळ्या फोडल्या, तर वेग कितीही अचूक असले तरी ते पुरत नाहीत. तिथे दुसरी माणसे उभी असावी लागतात : चकतीतली केसाएवढी चीर शोधणारा तंत्रज्ञ, नळ्या तुकड्यांच्या वाटेतून दूर नेणारा अभियंता, इंधन तोडण्याचा सराव केलेला चालकवर्ग.

बीड रस्त्यावरचा ट्रक

दुसरा अपघात २६ एप्रिल १९९३चा, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ भर दुपारी मुंबईकडे निघाले. आत ११२ प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. दोन्ही इंजिने ठीक चालत होती. विमान धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला जमिनीवरून उठले. टोकापलीकडून बीड रस्ता जात होता आणि त्यावरून त्या क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर त्या ट्रकला धडकला. जखमी विमान काही किलोमीटर गेले, उच्च दाबाच्या वीजतारांना अडकले आणि पडले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशीने कारणे दोन दिली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धत चुकीची होती. दोन, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले.

ही दोन कारणे शेजारी ठेवून वाचावीत. एक इंजिन बंद पडलेल्या विमानालाही कोरड्या धावपट्टीवरच्या गणितात ३५ फूट उंची मिळायला हवी. इथे दोन्ही इंजिने चालू असून उंची मिळाली सात फूट. उडताना ७३७ सेकंदाला साधारण ७० मीटर जाते. नाक उचलायला एकेक सेकंद उशीर झाला की काय होते, ते यावरून कळते. व्ही-वनविषयी आपण पुष्कळ ऐकतो, व्ही-आर हा मात्र नुसता उपचार वाटतो. औरंगाबादने दाखवले की मधला हा आकडा चुकला, तर आधीचा आणि नंतरचा दोन्ही निरुपयोगी होतात.

दुसरे कारण मला अधिक अस्वस्थ करते. ट्रकचालकाला व्ही-आर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो रस्त्यावरून आपल्या कामाला चालला होता. पण ज्या क्षणी विमान धावू लागले, त्या क्षणी तो त्याच्या गणिताचा भाग झाला होता. त्याला तिथे न येऊ देणे, एखादे फाटक लावून दोन मिनिटे थांबवणे, हे काम विमानाबाहेरच्या कोणाचे तरी होते. रेल्वेचे फाटक आपल्याला समजते, कारण रूळ दिसतात. विमानाची वाट दिसत नाही, एवढाच फरक.

अहमदाबादच्या तीन आकड्यांकडे आता परत पाहता येईल. प्राथमिक अहवालानुसार विमानाचे वजन मर्यादेत होते. दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ३३ सेकंदांनी त्याने १५३ नॉटचा व्ही-वन ओलांडला, दोन सेकंदांनी व्ही-आर गाठला, आणखी चार सेकंदांनी जमीन सोडली. ४२व्या सेकंदाला वेग १८० नॉट होता. तिन्ही आकडे पार झाले होते. त्यानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, 'बंद'कडे गेले. प्राथमिक अहवाल कोणावर दोष ठेवत नाही आणि या लेखाचाही तो विषय नाही. इथे सांगायचे ते एवढेच की ही सारी हमी एका इंजिनाच्या बिघाडासाठी आहे. दोन्ही एकदम गेली, तर त्या उंचीवर चढायला शिल्लक कुठून आणणार?

कुंपणाबाहेरचा हिशेब

हे सारे आता आमच्या जिल्ह्यात येऊन ठेपले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, ते रायगड जिल्ह्याच्या भूमीवर. त्यासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंच टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, दहा गावांना घरे सोडावी लागली. विमानतळाला टेकडी का चालत नाही, हे त्या २.४ टक्क्यांत आहे. एका इंजिनावर किलोमीटरला २४ मीटर चढणारे विमान उंचवट्याला वळसा घालू शकते, पण त्यावरून उडी मारू शकत नाही.

किंबहुना हिशेब आणखी काटेकोर आहे. नवे विमान, कसलेला वैमानिक आणि शांत हवा हे रोज जुळून येत नाही, म्हणून त्या २.४ मधून ०.८ टक्के आधीच वजा करतात. उरलेल्या १.६ टक्क्यांच्या चढणीने वाटेतला प्रत्येक अडथळा किमान ३५ फुटांनी ओलांडला पाहिजे. विमानतळाभोवती इमारतींची उंची ज्या काल्पनिक उतारावर ठरते, तो उड्डाणाच्या बाजूला पन्नासास एक, म्हणजे दोन टक्के असतो. १.६ हे दोनपेक्षा कमी आहे. म्हणजे कायद्याने संमत उंचीची इमारतही एका इंजिनावरच्या विमानाच्या आड येऊ शकते. म्हणून असा प्रत्येक अडथळा नकाशावर नोंदवून त्याप्रमाणे वजन ठरवतात. नोंदलेला अडथळा फार तर चार प्रवासी कमी करतो. न नोंदलेला मजला, गच्चीवरचा टॉवर, रातोरात उभी राहिलेली क्रेन हे मात्र त्या ट्रकसारखे असतात. गणिताला त्यांचा पत्ताच नसतो.

विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांतल्या लोकांना 'फनेल झोन' हा शब्द चांगलाच माहीत आहे. त्यापायी त्यांच्या जुन्या, गळक्या इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षे अडून राहतो. उद्या उलवे आणि पनवेलच्या आसपास हाच शब्द ऐकू येईल. या लोकांची अडचण खरी आहे आणि तिला सरकारकडून न्याय्य मोबदल्याचे उत्तर मिळायला हवे. उंचीत सूट देऊन ते उत्तर देता येणार नाही, कारण ती सूट विमानाच्या त्या १.६ टक्क्यांतून कापली जाते. कचऱ्याचेही तसेच. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिसरात पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायला नियमाने मनाई आहे. मासळीबाजार आणि खाडीकाठच्या वस्त्या असलेल्या आपल्या भागात हा नियम पाळणे सोपे नाही. पण घारी आणि बगळे इंजिनात गेले, तर ते एकाच इंजिनात जातील याची खात्री कोणी द्यावी?

तीन आकडे कॅप्टन पुकारतो किंवा ऐकतो, म्हणून ते त्याचे वाटतात. ते खरे ठरवण्याचे काम मात्र वाटून दिलेले आहे. चकती तपासणारा, सामान तोलणारा, रस्त्यावरचे फाटक लावणारा, मजल्यांना परवानगी देणारा आणि कचऱ्याची गाडी कुठे रिकामी करायची ते ठरवणारा, हे सगळे त्यात येतात. यांतल्या बहुतेकांनी व्ही-वन हा शब्द कधी ऐकलेला नसतो. कॅप्टन थ्रॉटलवरून हात काढतो, तो या सगळ्यांनी आपले काम केलेले आहे असे धरून. औरंगाबादच्या त्या दुपारी रस्त्यावरच्या एका फाटकाचे काम राहून गेले होते. नव्या विमानतळाभोवती रस्ते, इमारती आणि बाजार वाढायला आता सुरुवात होईल. हा हिशेब तपासायचा तर तो आताच, जमिनीवर असताना.